मेलेल्यांच्या जागी गवत

५ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यात आधी आली शेजारीण. चहाला म्हणून टेकली, तोच दारात बूट वाजले. भरती कचेरीतले मिशीवाले साहेब, आणि मागे त्यांचा कारकून. शेजारणीने कप तसाच ठेवला नि मागल्या दाराने निघून गेली. तिच्या मुलाला गेल्या वर्षी याच दोघांनी सैन्यात घेतलं. तो सीमेवर आहे, म्हणजे असावा. फोन येत नाही. वाईट वाटलं, पण पाहुणे दारात, करते काय.

आणि पाहुणे काम काय घेऊन आले! भिंतभर चित्र हवंय त्यांना, पुलावरच्या जुन्या लढाईचं. भरतीला आलेली मुलं बाकावर बसून कंटाळतात, त्यांच्या समोर लावायचं. आमच्याकडे लढायांच्या जुन्या चित्रांच्या नकलाच होतात. हॉटेलवाले नेतात, म्हातारे कर्नल नेतात. एका दातांच्या डॉक्टरनेही नेली होती – तिथे लोक आधीच रडवेले, वर ही कापाकापी. पण सरकारी भिंतीवर आमचं चित्र पहिल्यांदाच. मी नाचायचीच बाकी होते. गुडघा नाचू देत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

लढाईच्या पुस्तकातल्या छापील चित्रावर, ते मोठं उतरवायला, चौकटी आखल्या. मुलगा घोडे आणि चेहरे करतो, सून आभाळ आणि धूर. तिच्यासारखा धूर कोणाला जमत नाही. रागावली की आणखी छान जमतो. खालची हातभर पट्टी माझी, कारण स्टुलावर बसून तेवढंच हाताला येतं. त्यात काय असतं – मोडकी चाकं, पडलेले घोडे आणि मेलेले.

पुस्तकात मेलेले म्हणजे तांदळाएवढे ठिपके. मोठे करायचे तर कोणीतरी समोर आडवं हवं. तो आमचा झिपऱ्या, माझा नातू. लहान होता तेव्हापासून स्वयंपाकघराच्या फरशीवर झाडू छातीशी धरून मरतोय. "आजी, डास चावतोय." "मेलेल्याला डास चावत नाही, गप पड." किती घरांच्या भिंतींवर असा पडलाय, देव जाणे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

साहेब काम बघायला आले. पुस्तकातली माझी पट्टी तळहाताने झाकली नि म्हणाले, "हे खालचं नको."

मी म्हटलं, "साहेब, लढाई आहे ना?"

"आजीबाई, मुलं घाबरतात. गवत काढा. फुलं चालतील."

कारकुनाने 'फुलं' असं लिहूनही घेतलं.

मला उलट बरंच वाटलं. इतकी वर्षं मढी रंगवली, आता जरा फुलं. सून मात्र ब्रश आपटून म्हणाली, "मग एवढ्या तोफा उडतायत त्या काय फुलांवर?" मुलगा म्हणाला, गिऱ्हाईक म्हणेल तसं.

झिपऱ्याचं पडायचं काम गेलं. साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं – हल्ली दाराला डोकं लागतं त्याचं – आणि म्हणाले, "याला उभा करा. झेंडा याच्या हातात द्या."

७ मार्च, गुरुवार

गवत छान आलंय. पिवळी फुलं टाकली, जपून, उगाच बाग वाटायला नको.

नातू झेंडा म्हणून पडद्याची काठी धरून उभा राहतो. मुलाने चेहरा हुबेहूब उतरवलाय, हनुवटीच्या खळीसकट. काम संपलं तरी पोरगा चित्रासमोरून हलत नाही. जेवायला हाक मारली तर ऐकू जात नाही. मी म्हटलं, "स्वतःचीच नजर लागेल रे." तर हसला. "आजी, मी पहिल्यांदाच उभा आहे."

खरंच की.

१६ मार्च, शनिवार

झिपऱ्या केस कापून आला. बारीक, पार टाळूपर्यंत. "चित्रातल्याला झिपऱ्या शोभत नाहीत," म्हणाला. कामाची केवढी हौस पोराला! डोक्यावरून हात फिरवला तर काटे टोचले. आता हाक काय मारायची?

सून हातात ताट घेऊन नुसती बघत राहिली. खाली ठेवायलाही विसरली.

१७ मार्च, रविवार

केस चित्रासाठी नव्हते कापले. भरतीची सही करून आलाय. भिंतीचं माप घ्यायला म्हणून आम्हीच त्याला कचेरीत पाठवलं होतं, तेव्हाच.

मुलगा म्हणाला, "अरे, ते चित्र आहे."

"माहितेय, बाबा."

सुनेने पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. "खाली बघ. किती पडलेत बघ. इतकी वर्षं यांच्या जागी तूच पडत होतास ना?"

"म्हणूनच," म्हणाला.

जेवणं तशीच राहिली. सून उठून आभाळ करायला लागली. इतका काळा धूर तिने आजवर केला नव्हता. मुलगा म्हणाला, "साहेबांना चालणार नाही." ती म्हणाली, "मग त्यांनी पुसावा."

मी ब्रश घेऊन माझ्या पट्टीसमोर बसले. काय काढणार? मेलेला काढायचा तर समोर कोणीतरी आडवं हवं. त्याला आता कुठल्या तोंडाने सांगू, पड म्हणून? ब्रश धुऊन ठेवला.

१८ मार्च, सोमवार

शेजारणीकडे गेले. तिने चहा टाकला. दोघी बसून राहिलो.

१९ मार्च, मंगळवार

चित्र गेलं, आणि त्याच ट्रकमधून तोही. रंग ओला होता म्हणून मागे तोच चित्र धरून बसला, दोन्ही हात पसरून. त्यामुळे त्याला हात हलवता आला नाही. साहेब खूश आहेत. धुराचं काही बोलले नाहीत. दुसऱ्या कचेरीसाठी आणखी एक हवंय म्हणे. गुरुवारी परत येतो म्हणाले, साहेब नि कारकून, दोघंही.