नव्या पाटीवरचं वाक्य

मंगळवार, ९ मार्च

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली आरामखुर्ची सुखरूप पोचली. आई हरखून गेली आहे. आल्यागेल्याला बसवून दाखवते. मी अजून बसलेलो नाही. न मागता एवढी मऊ खुर्ची घरी आली, की माझ्या मनात पाल चुकचुकते. आई म्हणते, "तुम्हाला दोरीसुद्धा फणा काढताना दिसते." असेल.

बाकी ठीक. गुडघे कुरकुरतात, नळ गळतो, आणि आमच्या रेडिओ केंद्राचं पुन्हा एकदा बारसं झालं. तुला आठवतंच. मी लागलो तेव्हा ते नुसतं 'नगर केंद्र' होतं. हरवल्या-सापडल्याच्या सूचना, फर्माईश आणि सकाळचा माझा कार्यक्रम. मग ते 'धडाका' झालं आणि ऐन पन्नाशीत मला "काय मंडळी, जागे का?" असं ओरडायला लावलं. मग 'हळवा कोपरा': भिंती गुलाबी, गाणी रडकी, आणि कानात कुजबुजल्यासारखं बोलायची मला ताकीद. आमचे शिपाईबुवा अजून पहिल्या नावाच्या कपातूनच चहा पितात. म्हणतात, नव्या कपाची सवय होईस्तोवर नाव बदलतं.

आताचं नाव 'निवांत'. नवं धोरण असं, की निवेदक नाहीत, बोलणं नाही, दिवसभर नुसती गाणी. लोकांना बडबड नको असते, असं कुठल्याशा पाहणीत निघालं म्हणे. शनिवारी सकाळी माझा शेवटचा कार्यक्रम.

"फोनवर का नाही सांगितलंत?" म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी विरघळतो, म्हणून हे पत्र. पण चिऊ, तूही विचारलं नाहीस. एरवी फोन उचलताच "आज कोणतं गाणं लावलंत?" हा तुझा पहिला प्रश्न. हल्ली तू केंद्राचं नावच काढत नाहीस. आणि मागच्या खेपेला आलीस तेव्हा "बाबा, पहाटे उठायचा कंटाळा नाही येत?" असं किती खोदून खोदून विचारत होतीस! मी भाबडा. मला वाटलं, लेकीला काळजी.

काल केंद्रावर नवी पाटी चढवली. मी खाली शिडी धरून उभा होतो. नावाखाली एक वाक्य आहे: 'डोळे मिटा. आम्ही ऐकू येतोय ना?'

माझे हात सैल पडले. पाटीवाला वरून ओरडला, "अहो काका, मला पाडताय का?"

लहानपणी तुला अंधाराची भीती वाटायची. दिवा मालवून मी दाराबाहेर उभा राहायचो आणि म्हणायचो, "डोळे मिट. मी ऐकू येतोय ना?" तू पांघरुणातून "येतोय" म्हणायचीस. हे वाक्य मी माइकवर कधीच उच्चारलेलं नाही. ते आपल्या तिघांचंच. आईचं आपलं एकच, "योगायोग असेल हो." तू जाहिरातीच्या कंपनीत आहेस, पण आम्हाला नेहमी साबण आणि बिस्किटं सांगायचीस. रेडिओचं काही बोलली नाहीस.

नोकरी जाण्याचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू? पण आज ना उद्या कुणीतरी मला काढलंच असतं. राग वेगळाच आहे. माझं तोंड बंद करणाऱ्या केंद्राला माझंच वाक्य द्यायचं? की तुला वाटलं, निदान तेवढं तरी बाबांचं तिथे राहावं? सकाळपासून मनात हे दोन्ही उलटसुलट चालू आहे. पहिलं खरं असेल तर सांग, दुसरं असेल तरी सांग. फक्त खुर्ची पाठवून मला गप्प बसवू नकोस.

शनिवारी शेवटच्या गाण्यानंतर मी ते वाक्य पहिल्यांदा माइकवर म्हणणार आहे. केंद्राचा फोन माझ्या टेबलावरच असतो, नंबरही तोच आहे. तू "येतोय" म्हटल्याशिवाय मी दारातून हलत नसे, आठवतं ना? शनिवारीही हलणार नाही.

दाराबाहेर उभा,
तुझा बाबा