चार तासांची दिल्ली

चिंचवड, ३ फेब्रु. १९५६, शुक्र.
...त्या सकाळी बंबात पाणी तापत होतं आणि मी अंगण सारवत होते. निम्मं झालं होतं. तेवढ्यात नागपूरहून तार आली, हे तिकडे आजारी. तशीच उठले. कल्याणला गाडी बदलून पोचले तोवर सगळं आटोपलेलं. परत आले तर अंगण तसंच, निम्मं.

आज आठवलं ते जावईबापूंच्या पत्रामुळे. लीलाला आठवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला विमानाने मुंबईपर्यंत पाठवायचं म्हणतात. ‘अवघे चार तास. आपण हो म्हणालात की तिकीट काढतो.’

दिल्ली, चार तास! तेवढ्यात इथे डाळही धड भिजत नाही.

५, रवि.
ह्यांचा नकाशा काढला. दिल्लीपासून मुंबईपर्यंत दोरा ताणून धरला, खालच्या मापपट्टीला लावला. सातशेवर मैल. रेल्वेच्या काळ्या रेघेवरून वळवत नेला तर दोरा कितीतरी जास्त लागला. वर वळणं नाहीत. मग चालवणाऱ्याला वाट कशी कळते? खाली बघून? आणि ढग असले तर?

चार तास हे विमानतळापासून विमानतळापर्यंत. पुढे सांताक्रूझहून दादर, तिथून घाट चढून चिंचवड, हे जावईबापूंनी धरलंच नाही. तरी सकाळी निघाली तर दिवेलागणीला दारात. नागपूरच्या वेळी विमान कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तर...
असो.

६, सोम.
दुधाचा रतीब घालणाऱ्या पारूबाई नकाशापाशी बसल्या.
“आठव्या म्हैन्यात पोरीनं नदी वलांडू न्हाई, ताई. रीत हाय.”
मी चंबळ, मही, नर्मदा, तापी दाखवल्या. म्हटलं, विमान वरून जातं, पाऊलही भिजत नाही.
बराच विचार केला त्यांनी. “एवढ्या उंचावनं नदीला तरी काय कळतंय कोन गेलं! त्या सोडल्या. पन इंद्रायनी? कामशेतापाशी आगगाडी पुलावरनंच येती न्हवं?”
खूप हसले. त्या गेल्यावर हसू गेलं. नदीचं मी मानत नाही. पण घाटातली गाडी, धक्के, पोर एकटी. आणि नको म्हणावं, तर तिकडे काही झालं की मी पुन्हा इथे, अंगणात.

८, बुध.
उत्तर दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं.
पारूबाई : “अजून दोऱ्याशीच खेळताय व्हय?” मग म्हणाल्या, “ताई, त्ये इमान येतं तसं जातं बी असंल की. मग तुमीच जावा.”
“बाळंतपणाला आईने लेकीच्या सासरी जायचं? लोक काय म्हणतील?”
“लोकं काय सुईन म्हनून येनारेत?”
खरंच, मी रोज दिल्लीकडूनच मोजत होते.
पण मी आणि विमानात! कानात कापूस घालतात म्हणे. खिडकी उघडते का?

१०, शुक्र.
काल सकाळी अंगण पुरतं सारवलं. मग पोस्टात जाऊन दिल्लीला तार केली : लीलाला पाठवू नका, मी विमानाने येते.