सायरागुलच्या टेम्परेचरची वही

८ जानेवारी
आजपासून ही वही. पशुवैद्यकीय ऑफिसची आहे, कव्हरवर गाईचं चित्र आहे, पण कागद चांगला आहे. घरात कोणी वाचायचं नाही.

लग्नाला साडेचार वर्षं झाली. मूल नाही. आजवर हा विषय माझी आई, आपा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बघत होत्या, म्हणूनच काही झालं नाही. आपाचं म्हणणं, सायरागुल उन्हाळ्यात दगडावर बसते, त्यामुळे पोटात गारठा शिरला. मी तिचा धाकटा मुलगा, घर माझ्याकडेच राहणार, त्यामुळे नातवाचा तगादाही माझ्याच डोक्यावर. आता मी स्वतः लक्ष घालणार. नारिनच्या चौदा गावांत कृत्रिम रेतन मी करतो. गेल्या साली सहाशे बारा गाई भरवल्या, चारशेच्या वर गाभण राहिल्या. इथे तर बायको एकच आहे.

अंदाज : एप्रिलपर्यंत काम फत्ते.

११ जानेवारी, पहाटे ५.४०
रोज उठायच्या आधी, अंथरुणातच टेम्परेचर घ्यायचं असतं. ऑफिसचा थर्मामीटर आणला होता. सायरागुलने तो कुठे कुठे वापरलेला आहे असं विचारलं आणि पाठ फिरवून झोपली. सहकार्य कमी.

दुपारी दवाखान्यातून नवीन आणला.

२० जानेवारी
इंटरनेटवर चार दिवस अभ्यास केला. एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन. एकाने बीज वाढतं, दुसऱ्याने सुटतं, तिसऱ्याने अस्तर तयार होतं. गाईतही हेच, फक्त गाय हंबरते आणि बाई काही सांगत नाही. सगळी अडचण इथेच आहे.

संध्याकाळी सायरागुलला वहीत आकृती काढून तासभर समजावलं. ती नववीला जीवशास्त्र शिकवते, पण पुस्तकी ज्ञान वेगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली की हे गर्भाशय गाईचं आहे. सवयीने हात गेला असेल.

३० जानेवारी
चौदावा दिवस. सगळं शास्त्र सांगतं, चौदावा दिवस. आपाला सकाळीच मावशीकडे पाठवलं.

चार वाजता घाटापलीकडून फोन. ओसमोनची गाय माजावर आली होती. माज बारा तास टिकतो, त्यानंतर तीन आठवडे थांबावं लागतं. गेलो. घाटात बर्फ पडला, तिथेच राहावं लागलं. नोंद : तांत्रिक कारणाने संधी हुकली. गाय मात्र भरली.

१९ फेब्रुवारी
नाही.

तिने सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘म्हणजे उलटली.’ गाय गाभण राहिली नाही की आमच्या कामात हाच शब्द वापरतात, त्यात वाईट काही नाही. सायरागुल दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. हार्मोन.

२७ फेब्रुवारी
काल बिश्केकला गेलो होतो. सायरागुलच्या सगळ्या तपासण्या केल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे. त्या एक्स-रेला दुखलं असावं, बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे होते. मी गाडीत टायरकडे लक्ष ठेवून होतो, त्या भागात चोऱ्या होतात.

रिपोर्ट : एएमएच २.९, म्हणजे बीजांचा साठा भरपूर. एफएसएच ६. थायरॉइड ठीक. बीज दर महिन्याला सुटतं. नळ्या मोकळ्या. खरं सांगायचं तर थोडी निराशा झाली. काहीतरी सापडलं असतं तर इलाज करता आला असता.

खाली डॉक्टरीणबाईंनी पेनने लिहिलंय, ‘पतीची तपासणी आवश्यक.’ त्याखाली दोन रेघा मारल्यात. सगळ्यांनाच लिहीत असतील. माझ्या मोठ्या भावाला, बोलोतबेक बाइकेला, तीन मुलं आहेत, चौथं मे महिन्यात. आजोबांना अकरा. आमच्या घराण्यात हा प्रश्नच येत नाही.

आपाला रिपोर्टचं काही सांगितलं नाही. तिला आकडे कळत नाहीत. ती सायरागुलला घेऊन पीराच्या झऱ्यावर जायचं म्हणते. जाऊ दे. त्याने नुकसान तर नाही.

४ मार्च
गेल्या. सायरागुलला झऱ्याच्या पाण्याने आंघोळ घातली. बाहेर उणे आठ. गारठा पोटात शिरतो म्हणणारी आपाच.

सायरागुलला ताप आहे. चार्टवर उगाच उंचवटा आला, महिना वाया.

२१ मार्च, नवरोज
हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी वाकडातिकडा अर्थ काढेल.

सगळे आमच्याकडे होते. सकाळपासून अंगणात अंकुरलेल्या गव्हाचं सुमोलोक शिजत होतं, बायका आळीपाळीने कढई ढवळत होत्या. जेवणं झाल्यावर बोलोतबेक बाइकेने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला,

“मेलिस, आम्ही दोघांनी ठरवलंय. मे महिन्यात येईल ते बाळ तुमचं. मुलगा असो, मुलगी असो. तुमच्याच घरात वाढेल, तुम्हालाच आई-बाबा म्हणेल.”

वहिनी मान खाली घालून बसली होती, पण तिनेही होकार दिला. आमच्यात हे नवीन नाही. खुद्द आपा तिच्या काकाकडे वाढली. बाइकेने मनापासून म्हटलं हे मला कळत होतं.

पण पंचवीस माणसं बसली होती. चौदा गावांची गुरं गाभण ठेवणारा माणूस भावाचं मूल घेणार, उद्या बाजारात लोक काय म्हणतील? मी उभा राहिलो. चांगलं बोललो. बाइकेचे आभार मानले, म्हटलं, काही गरज नाही, काम शास्त्रीय पद्धतीने चालू आहे, पुढच्या नवरोजला याच कढईपाशी तुम्हाला माझं मूल दाखवतो. काहीजणांनी टाळ्याही वाजवल्या.

सायरागुल कढईपाशी होती. तिच्या हातातला डाव थांबला होता, खाली सुमोलोक लागलं. आपा ओरडली तेव्हा तिने पुन्हा ढवळायला घेतलं.

पाहुणे गेल्यावर भांडी घासताना म्हणाली, “मला एकदा विचारायचं तरी होतं.” मी म्हटलं, विचारण्यासारखं काय आहे त्यात, आपलं होणारच आहे.

४ एप्रिल
चूक सापडली! तिची पाळी बत्तीस दिवसांची आहे. म्हणजे बीज सुटतं अठराव्या दिवशी. आणि टेम्परेचर चढतं ते बीज सुटून गेल्यावर. मी तीन महिने गाडी गेल्यावर स्टेशनवर पोचत होतो. एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली नाही. सायरागुल म्हणते तिने जानेवारीत सांगितली होती. आठवत नाही.

आता बीज सुटायची आगाऊ खूण देणाऱ्या लघवीच्या पट्ट्या. दोन रेघा उमटल्या की छत्तीस तासांत. नवीन चार्ट, रंगीत पेन.

३ मे
पट्टी बरोबर, दिवस बरोबर, वेळ बरोबर. आपाही घरात नव्हती. तरीही नाही.

सायरागुल चुलीपाशी बसून बटाटे सोलत होती. मान वर न करता विचारलं, “कळपात गाई गाभण राहिनात तर तुम्ही आधी कोणाला तपासता?”

वळूला. शंभर गाई तपासण्यापेक्षा एक वळू तपासणं सोपं. हा आमच्या कामातला पहिला नियम आहे, मी स्वतः मेंढपाळांना सांगतो. पण माणसाचं वेगळं असतं. तिला तसं सांगितलं. कसं वेगळं, असं तिने विचारलं. मला ऑफिसला उशीर होत होता.

१४ मे
वहिनीला मुलगी झाली. साडेतीन किलो, काळंभोर जावळ.

१७ मे
बाळ ओमुरकानमामांकडे गेलं. घाटाखालच्या गावात राहतात, त्यांच्या सुनेला सात वर्षांत मूल नाही. बाइकेने मला आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारलं होतं. मी म्हटलं, एकदा दिलेला शब्द.

सुनेने बाळाला आपल्या कुडत्याच्या गळ्यातून आत घेतलं आणि खालून घेरातून बाहेर काढलं, म्हणजे तिच्याच पोटचं झालं. सगळ्या बायका रडल्या. सायरागुल रडली नाही. तिने बाळाचं टोपडं सरळ केलं आणि मागे सरकून उभी राहिली.

१८ मे, सकाळी ५.४०
थर्मामीटर सापडत नाही. सायरागुल म्हणाली, शोधू नका.

२३ मे, दुपार
सगळे जेवायला गेले होते. ऑफिसमध्ये मायक्रोस्कोप आहेच. तिला एकदाचं गप्प करावं म्हणून माझाच नमुना पाहिला.

काही दिसलं नाही. काच थंड होती, थंड काचेवर सगळं मरतं. शिवाय माझा चष्मा जुना आहे.

२५ मे, दुपार
आज काच गरम करून घेतली. सदतीस डिग्री, थर्मामीटर लावून. आधी छोटं भिंग, मग मोठं. चारही कोपरे पाहिले. पुन्हा नवा थेंब घेतला.

मेलेलेही नाहीत. काहीच नाही.

मायक्रोस्कोप बिघडला असणार, वर कळवायला हवं, असं म्हणून नायट्रोजनच्या डब्यातून वळूच्या रेताची एक कांडी काढली. पाण्यात धरली, एक थेंब टाकला. बाजाराच्या दिवशी असावी तशी गर्दी. एकमेकांना ढकलत पळत होते.

मायक्रोस्कोप चांगला आहे.

३ जून
घरी सांगितलं, लसीकरणाची मीटिंग आहे. बिश्केकला एकटा जाऊन आलो. दोनदा तपासलं. त्यांच्याकडेही तेच.

डॉक्टरांनी विचारलं, मोठेपणी गालगुंड झालं होतं का? झालं होतं, एकोणिसाव्या वर्षी, फौजेत, सूज खालपर्यंत उतरली होती. तेव्हा सगळी बरॅक हसत होती. मीही हसलो होतो.

मार्ग आहेत म्हणाले. सुईने आतून शोधून बघता येईल, एक जरी शुक्राणू मिळाला तरी तो बीजात सोडता येतो. नाहीच मिळाला तर दुसऱ्या कोणाचं वापरता येतं. दुसऱ्या कोणाचं म्हणजे काय, हे मला समजावून सांगू लागले. मला. तुमच्या पत्नीचं सगळं उत्तम आहे, पण ती तेहेतीस वर्षांची आहे, वेळ घालवू नका, म्हणाले.

परतीच्या वाटेवर दोनदा गाडी थांबवली. रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही.

५ जून
सायरागुलला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळतच राहिली. तिला धक्का बसला नाही, याचाच मला जास्त धक्का बसला. फेब्रुवारीतच तिने कागदाची शेवटची ओळ वाचली होती आणि मी कधी वाचतो याची वाट पाहत होती.

मला वाटलं चिडेल. उलट तिने पिठाचे हात पुसले आणि माझ्या डोक्यावर ठेवले. म्हणाली, “सुई करू, नाहीतर दुसरं काही करू, मी तयार आहे. पण आधी आपांना सांगा. साडेचार वर्षं त्या मला वांझ म्हणतायत. एवढं एकच करा.”

म्हटलं, उद्याच.

६ जून
आपाचं ब्लडप्रेशर वाढलंय.

७ जून
शुक्रवार. नमाजाच्या दिवशी असलं बोलू नये.

११ जून
मेंढरं वरच्या कुरणावर न्यायची गडबड. एवढ्या धांदलीत नको.

१६ जून
ठरलं. २३ तारखेला बाळाचे चाळीस दिवस भरतात, ओमुरकानमामांकडे सगळे जमणार. तिथेच सगळ्यांसमोर सांगतो. एकदाच, म्हणजे घरोघर सांगत फिरायला नको. वाक्य तयार केलंय : ‘दोष माझ्यात आहे, तिच्यात नाही.’ साधं, स्पष्ट. सायरागुलला म्हणूनही दाखवलं. ती हसली. जानेवारीपासून पहिल्यांदा.

२३ जून, संध्याकाळ
गेलो होतो. ऊन चांगलं होतं. बाळ अंगाने भरलंय.

चाळीस चमचे पाण्याची आंघोळ. प्रत्येक बाई चमच्याने पाणी घालते आणि आशीर्वाद देते. मी दारात उभा होतो, बाइके माझ्या शेजारी. सायरागुलचा नंबर आला. तिने चमचा उचलला. आपाने तिचं मनगट धरलं.

“तू राहू दे. लेकराला तुझी सावली नको.”

वाईट हेतूने नाही म्हणाली. बाळाच्या काळजीपोटीच म्हणाली. सायरागुलने चमचा खाली ठेवला नाही. तिने वर माझ्याकडे पाहिलं.

वाक्य मला पाठ होतं. तोंडही उघडलं होतं. पण बाइके बघत होता, ओमुरकानमामा बघत होते, दाराबाहेर माझ्याच गिऱ्हाइकांपैकी चार-पाच जण उभे होते. मी म्हणालो, गाडी उन्हात आहे, जरा सावलीत लावून येतो.

परत आलो तेव्हा आंघोळ झाली होती.

येताना आपा बाइकेच्या गाडीत बसली. आम्ही दोघंच. तिच्या माहेरचा फाटा आला तसं सायरागुलने थांबायला सांगितलं. मागच्या सीटवरून एक पिशवी घेतली. ती केव्हा ठेवली होती कोण जाणे. मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की सांगतो, आज फार माणसं होती. म्हटलं, घरी गेल्या गेल्या आपाला एकटीला गाठून सांगतो, शप्पथ.

ती म्हणाली, “सांगितलंत की फोन करा. मी त्याच दिवशी येईन.”

रस्त्याने चालत गेली. मागे वळून पाहिलं नाही. मी ती दिसेनाशी होईपर्यंत थांबलो होतो.

घरी पोचलो. आपा एकटीच चहा पीत होती. बाइके निघून गेला होता, शेजारचंही कोणी नव्हतं. याहून चांगली वेळ मिळणं शक्य नव्हतं. मी समोर बसलो. आपाने कपात चहा ओतला आणि विचारलं, सायरागुल कुठे राहिली?

मी म्हटलं, माहेरी गेली. तिला जरा बरं नाही.