चायोमावशीच्या हातचं मीठ

१२ मार्च, मंगळवार

गाडी मेली! नेब्रास्कात, मक्याच्या रिकाम्या शेतांच्या मधोमध. ओढून जवळच्या गावात आणली. डेन्व्हरला चालले होते. कशाला, ते मलाही नीट माहीत नाही — कॉलेज सोडल्यापासून मी कुठे ना कुठे निघालेलीच असते. मेकॅनिक म्हणाला, पार्ट यायला आठवडा तरी लागेल. समोर एकच दार उघडं होतं. मेक्सिकन हॉटेल, सहा टेबलं. मालक डॉन एफ्राईन. (डॉन म्हणजे गुंड नव्हे, आपल्या 'राव'सारखं!) बीन्सचं सूप दिलं, विचारलं, "कसं झालंय?" म्हटलं, मीठच नाही. म्हातारा बघतच राहिला. मग म्हणाला, "काम हवंय?"

तीन प्लेटा एकदम उचलता येत नाहीत हे सांगितलं. तरी ॲप्रन दिला. येडाच आहे.

१४ मार्च, गुरुवार

दोन प्लेटा फोडल्या. कुणी ओरडलं नाही. कमाल!

१७ मार्च, रविवार

चर्च सुटल्यावर ही गर्दी! स्वयंपाकघर मालकाच्या बायकोचं — डोन्या (बायकांचं 'डॉन') चायो. मी मावशीच म्हणते, ती मला 'मिहा' म्हणते, म्हणजे पोरी. आत गेले तर तव्यावर तोर्तिया, म्हणजे त्यांची मक्याची पोळी, जळून कोळसा, धूर, आणि मावशी पाठ करून मजेत गुणगुणतेय. मी किंचाळले. तिनं माझं मनगट धरलं. मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "हिवाळ्यात ताप आला, मिहा. तेव्हापासून वास नाही, चव नाही. मारिबेलला सांगू नको."

मारिबेल तिची लेक, काउंटरवर बसते. कालच म्हणत होती — कस्टमर मिठावरून कुरकुरतात, आईला आता घरी बसवू, सॉस डब्यातला मागवू. मावशी घरी बसून काय करेल? तिचे हात तर घरी मावणारच नाहीत.

१९ मार्च, मंगळवार

आमची खूण ठरली. येता-जाता मी चमचाभर चाखायचं. कान खाजवला तर मीठ कमी, नाक खाजवलं तर तिखट कमी. आज कान खरंच खाजत होता! भात खारट ढोण. मावशी हसून हसून पोत्यावर बसली.

नेपरव्हिलच्या आमच्या घरी आई नैवेद्य चाखायची नाही. वाफेवर नाक धरून मीठ ओळखायची. मी मागून बोट घालायचे, फटका खायचे. फोन केला — आई, ते चाखणं कामाला आलं बघ. "आधी घरी ये, मग काय चाखायचं ते चाख."

२१ मार्च, गुरुवार

पीठ आणायला पाठवलं होतं, नदीवरच रमले. हजारो क्रौंच उतरलेत! दर वसंतात येतात म्हणे, थोडे दिवस चरतात नि उडतात. पीठ विसरले.

२३ मार्च, शनिवार

गाडी झाली. उद्या निघणार. मावशीनं वाटेसाठी तमाले बांधून दिले, मक्याच्या पिठाचे, पानात वाफवलेले, गरम. "जा, मिहा. मिठाचा घेईन मी अंदाज." अंदाज! एक तमाले फोडून खाल्लं. अळणी. तरी दुसरंही खाल्लं.

असं टाकून कसं जायचं? मारिबेलला सांगायचं नाही, एवढाच शब्द दिलाय. डॉन एफ्राईनला सांगावं. तो चाखेल.

२४ मार्च, रविवार

सांगितलं. तो मीठदाण्या भरत होता. मान वर न करता म्हणाला, "ठाऊक आहे. जानेवारीपासून."

मग तुम्हीच का नाही चाखत?

"मी चमचा उचलला की तिला कळणार — मला कळलंय." मग बघितलं माझ्याकडे. "तीन प्लेटा उचलता न येणारी पोरगी मी उगाच ठेवली?"

बॅग गाडीतून काढली. डेन्व्हर काय पळून जात नाही.