परत केलेले चाळीस हजार

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेल्या महिन्यातल्या त्या सकाळी मी काय काय केलं, ते नीट आठवून लिहितो. कागदावर आलं म्हणजे डोक्यातला गाळ खाली बसेल.

आंघोळ केली. देवाला हात जोडले. दुकान उघडलं, झाडलं. दुरुस्तीला आलेलं एक शिलाई मशीन उलटं करून बसलो. समोर स्टुलावर मेहुणा — हिचा धाकटा भाऊ. कामावर जाताना तो घटकाभर टेकतो. तेवढ्यात मोबाईल वाजला. खात्यात चाळीस हजार जमा! चष्मा पुसून परत पाहिलं. चाळीस हजारच. मागोमाग एका माणसाचा फोन, अगदी रडकुंडीला आलेला. "साहेब, एक आकडा चुकला हो, पैसे तुमच्याकडे गेले. आई दवाखान्यात आहे." मी म्हटलं, घाबरू नका, तुमचे पैसे तुम्हाला मिळतील. मला मोबाईलवरचं ते जमत नाही. मेहुण्याने बटणं दाबून दिली, गुप्त आकडे तेवढे मी टाकले. पैसे गेले. त्या माणसाने तोंडभर आशीर्वाद दिले. मेहुणाही म्हणाला, "दाजी, तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही!"

मशिनीच्या खणात कधी अंगठी सापडते, कधी घडी घातलेली नोट. मी एकदाही ठेवून घेतलेली नाही. त्यात विचार तो काय करायचा? हात आपोआप पुढे होतो. त्या दिवशी दिवसभर मन हलकं होतं, हेही खरं.

ते पैसे कुणाचे होते ते आज कळलं. माझ्याच नावावर काढलेलं कर्ज! मोबाईलवर झटपट कर्ज देणारी कुठलीशी कंपनी. फोनवर एक बाई.

"काका, हप्ता चुकला तुमचा."

"मी कर्ज काढलेलंच नाही."

"मग हा फोटो काय माझ्या आजोबांचा आहे? ओळखपत्र तुमचं, चेहरा तुमचा, पैसे तुमच्या खात्यात. घेताना गोड लागले ना?"

मी म्हटलं, ते तर मी परत केले. ती हसली. "आम्हाला नाही केलेत."

हिला अजून सांगितलेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

फोन. परत फोन. दर वेळी नवा नंबर. चाळीसचे बावन्न झालेत म्हणे. एक घेतला नाही तर दुसरा येतो. दुपारी गिऱ्हाइकाचा फोन होता, तोही मी घाबरून कापला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आता गिऱ्हाइकांना फोन चाललेत.

माझी एक सवय आहे. गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नाहीत, मशिनीचं दुखणं लक्षात राहतं. मोबाईलमध्येही तसंच लिहून ठेवतो — 'टाका सुटतो', 'पट्टा घसरतो', 'सुई मोडते, वरचा मजला'. आज पहिल्या बाई दुकानात आल्या. हसू आवरत नव्हतं त्यांना.

"अहो, मला एकाचा फोन! म्हणे, टाका सुटतो मॅडम बोलताय का? मी म्हटलं, मेल्या, तुझाच सुटलाय!"

मीही हसलो. मग त्या जवळ सरकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही लोकांचे पैसे बुडवून बसलाय, असं सांगत होता. मी नाही हं विश्वास ठेवला." आणि लगेच — "माझं मशीन देता का? घरी जरा लागतंय."

मशीन अजून उघडं होतं. तसंच दिलं, सुटे भाग पिशवीत घालून.

माझ्या मोबाईलमधली नावं त्यांच्याकडे गेली कशी?

९ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगितलं. सांगावंच लागलं. हिच्या मामीलाही फोन गेला होता. ही आधी माझ्यावर चिडली, मग त्या बाईवर, मग मोबाईलवर. शेवटी म्हणाली, "अहो, पण तुमचं ओळखपत्र बाहेर गेलं कुठून?"

तेच तर. दिवसभर तोच किडा डोक्यात. दुकानात ते बोलणारं खोकं बसवलं — पैसे जमा झाले की आकडा ओरडून सांगतं ते — त्या वेळी ओळखपत्राची प्रत काढायला शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो होतो. ओळखपत्र त्याच्या टेबलावर विसरलो. दुसऱ्या दिवशी त्यानेच आणून दिलं. म्हणजे रात्रभर त्याच्याकडे होतं!

तो हल्ली नवी गाडी फिरवतो. आली कुठून?

प्रार्थनेला बसलो तरी त्याची गाडीच दिसत होती डोळ्यांपुढे. देवा, हे काय होतंय मला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पोलीस चौकीत जाऊन आलो. हवालदार माणूस बरा. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मिस्त्री, अशा पाच-सहा तक्रारी आहेत माझ्याकडे. पण नुसतं 'मला माहीत नाही' लिहिलंत तर कंपनी म्हणणार, ह्यांनीच घेतलं आणि ह्यांनीच उडवलं. ओळखपत्र कुणाच्या हातात होतं, फोटो कुणी काढला, त्याचं नाव द्या. धागा मिळाला तर पुढचं आम्ही ओढू. नाहीतर कर्ज तुमच्याच गळ्यात राहील."

मी पेन हातात घेतलं. झेरॉक्सवाल्याचं नाव लिहिणार होतो. मग म्हटलं, एकदा त्याच्या तोंडावर बोलू आणि मग लिहू. उठलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बोललो. नको होतं बोलायला.

गिऱ्हाइकांसमोर विचारलं, माझ्या ओळखपत्राचं काय केलंस? त्याला आधी समजेना. समजलं तसा चेहरा उतरला त्याचा. म्हणाला, "मिस्त्री, मला तीन वेळा फोन आला त्या लोकांचा. मी त्यांना सांगितलं, हा माणूस खणातली टाचणीसुद्धा परत देतो. आणि तुम्ही मला हे विचारताय?" मग यंत्राचं झाकण दाणकन आपटलं. "गाडी बायकोच्या भिशीतून घेतलीये. पावती दाखवू?"

फोटो तर चेहऱ्याचाही होता त्यांच्याकडे. माझा चेहरा ह्याने कधी टिपला? हे आधी का नाही सुचलं? तोंड लपवून दुकानात बसलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शिवणवर्गाची बाई तिची सगळी मशिनं घेऊन गेली. टेम्पोच आणला होता. पैसे चोख दिले, नजर काही वर केली नाही. दुकानाची अर्धी भिंत रिकामी. जिथे मशिनं होती तिथे फरशीवर तेलाचे गोल डाग.

मशिनं उचलायला मेहुणा धावून आला. घाम गाळला बिचाऱ्याने. "दाजी, भरून टाका ना एकदाचे. मी देतो थोडे." त्याच्याकडे कुठून आले? दर महिनाअखेर बहिणीकडे हात पसरणारा तो.

लिहून गेलो खरं. असं लिहू नये. सख्खा आहे हिचा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज वसुलीवाला स्वतःच आला. मला वाटलं होतं कुणी दांडगा असेल. कुठला! इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, शांत बोलणं. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला आणि आपल्या मोबाईलवर वाचत म्हणाला, "दाजी मशीनवाले म्हणजे तुम्हीच ना?"

मी म्हटलं, हे नाव कुणी सांगितलं?

"यादीत असंच आहे. नंबर तुमचा, नाव हे. आमच्याकडे माणसाच्या मोबाईलमधून जसं येतं तसंच येतं."

पुढे तो बरंच बोलला. उद्या घरी येतो, वहिनींशी बोलतो, शेजाऱ्यांना विचारतो. माझ्या कानात काही शिरलं नाही. मी कुणाचा दाजी? हिला एकच भाऊ. म्हणजे ही यादी त्याच्या मोबाईलमधली! त्यानेही त्याच कंपनीचं कर्ज घेतलंय. आणि आता दुसरंही लख्ख आठवलं — त्या बोलणाऱ्या खोक्यासाठी माझ्या चेहऱ्याचा फोटो त्यानेच काढला होता, दुकानाच्या दारात उभं करून. "दाजी, जरा हसा की, लग्नाला उभे असल्यासारखं काय करताय!" ओळखपत्राची प्रत आणि माझा मोबाईल अर्धा तास त्याच्याच हातात होते. घरातला म्हणून मी त्याला मोजलंच नाही.

की हाही माझा झेरॉक्सवालाच? एका माणसावर तोंड टाकून झालंय. परत नको. आधी खात्री.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी तो घरी आला. ही चहा टाकत होती. त्याचा मोबाईल टेबलावर पडलेला. मी खिशात हात घालून माझ्या मोबाईलवरून त्याला फोन लावला. टेबलावर उजेड झाला. 'दाजी मशीनवाले'.

तिघांनीही वाचलं. हिला कळेना, घरात बसून फोन कसला. मी म्हटलं, "वसुलीवाला काल मला ह्याच नावाने हाक मारून गेला."

तो उठला. चपला घालताना डावी उजवी चुकली, तसाच गेला.

हिने चहा तीन कपांत ओतलेला. एक तसाच राहिला.

"माझ्या भावावर आळ घेताय?" म्हणाली.  थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तो थांबला का नाही मग?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

ही ताट वाढते, समोर ठेवते, आत जाते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी तो दुकानात आला. स्टुलावर बसला नाही, उभाच राहिला. मी मशिनीला तेल देत राहिलो.

"दाजी, मी आधी पंधराच हजार घेतले होते. फेडता फेडता त्याचे साठ झाले. मग हे लोक रोज माझ्या साहेबांना फोन करायला लागले. नोकरी जायची वेळ आली. म्हणाले, दुसरा कुणी दे, त्याच्या नावावर कर्ज काढू, तुझं मिटवून टाकतो. त्याच्या खात्यात पैसे येतील, ते आमच्याकडे परत आले की झालं. त्याला कळणारसुद्धा नाही."

"आणि मी परत केलेच नसते तर?"

तो खाली बघत होता. "तेच विचारलं त्यांनी मला. मी म्हटलं, आमचे दाजी दुसऱ्याचा पैसा घरात राहू देत नाहीत. लगेच करतील."

तेलाची बुधली माझ्या हातातून कलंडली. कापड घेऊन तो पुसायला वाकला, तर मी म्हटलं, राहू दे.

कर्जाचं एवढं नाही. सकाळी देवापुढे उभं राहून मी जे पुण्य कमावतो असं मला वाटत होतं, ते ह्याने गृहीत धरून त्या लोकांना विकलं! माझा हात आपोआप पुढे होणार, हे त्याला माहीत होतं. आशीर्वाद देणारा तो रडका माणूसही त्यांचाच.

रागावलो नाही.  तो गेल्यावर मात्र शटर ओढून बसून राहिलो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. ऐकताना ती तांदूळ निवडत होती. निवडून झालेले पुन्हा निवडायला घेतले.

त्याचं नाव दिलं तर त्याची नोकरी जाईल, पोलीस दारात येतील, हिचं माहेर संपेल. नाही दिलं तर कर्ज माझं, आणि चोर हे नावही माझंच. उरलेली मशिनंही जातील. सध्या चारच आहेत.

क्षमा करावी, असं वाचत आलोय, ऐकत आलोय. पण गप्प बसलो तर ती क्षमा होईल की भीती, हे मला ठरवता येत नाही. गावच्या शाळेत गुरुजी पाटी पुसण्याआधी चूक सगळ्यांना दाखवायचे. तेव्हा राग यायचा.

मी म्हटलं, तू सांग, काय करू? ती म्हणाली, "लिहायचं तर लिहा, नाहीतर नका लिहू. पण माझ्याकडे बघून लिहू नका. उद्या दोन्हींकडून मीच वाईट होईन."

२२ फेब्रुवारी, शनिवार

झेरॉक्सवाल्याकडे गेलो. माफी मागितली, त्या दिवशी होती तितक्याच गिऱ्हाइकांसमोर. म्हणाला, "बसा, मिस्त्री. सापडला का?" मी हो म्हटलं. कोण, ते त्याने विचारलं नाही.

मेहुण्याला निरोप दिला — सोमवारी दहा वाजता मी चौकीत जाणार आहे. बाकी काही नाही. पळून जायचं तर त्याला दीड दिवस आहे. कदाचित म्हणूनच दिला असेल निरोप. माझं मलाच कळत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तक्रार दिली. मेहुण्याचं नाव लिहिलं. त्याची जन्मतारीख, राहत्या खोलीचा पूर्ण पत्ता आणि साहेबांचा नंबर मला ठाऊक नव्हता. शेजारच्या खुर्चीवर बसून एकेक करून त्यानेच सांगितलं.