पहिल्या दाराशी एक म्हणायचं नाही

अप्पा, आज मी फोनवर एका माणसाशी कडाकडा भांडले, आणि त्यातला निम्मा राग तुमच्यावरचा होता. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तरी भांडायला तुम्हीच सापडता. माझी कादंबरी येतेय. हो, तीच, राक्षसांची. वाशीच्या खाडीखाली बुडालेलं राज्य, त्याची सात दारं, आणि दारं मोजत आत शिरणारी एक मुलगी. पहिल्या दाराचा राखणदार आंधळा आहे, तो फक्त मोजणी ऐकतो. जो 'एक' म्हणेल त्याचं सगळं एकावरच थांबतं, दुसरं दार त्याला कधी दिसतच नाही. माझी ही दारं मोजणारी पोरगी 'लाभ' म्हणते आणि आत जाते. चारशे पानं त्या शब्दावर उभी आहेत. काल शेवटची प्रुफं आली, तर प्रकाशकाकडच्या संपादकाने जिथे जिथे 'लाभ' होतं तिथे 'एक' करून ठेवलंय! म्हणजे माझी नायिका सतराव्या पानावर खलास. पुढची पानं काय तिचं भूत चालणार?

"मॅडम, टेन्शन नका घेऊ," तो म्हणतो. "लाभ, दोन, तीन म्हटलं की रीडरला मिस्टेक वाटते. फॅन्टसीत आकड्याला वजन लागतं ओ. तीन शाप, सात दारं, नऊ तलवारी, हे कुणालाही कळतं. ते सात ठेवलंय की मी तुमचं." ठेवलंय म्हणे! उपकारच केले. आणि वजनाचं हा कुणाला सांगतोय, मापाड्याच्या लेकीला? ज्या माणसाने जन्मभर दाणाबाजारात काट्यापाशी उभं राहून पोती मोजली, त्याच्या मुलीला? असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही. का, ते सांगते, पण आधी तुमच्यावरचा राग.

मी नववीत. कोपरखैरण्याची आपली खोली. आई ओट्यापाशी खाली बसून मापट्याने तांदूळ डब्यात भरतेय, लाभ, दोन, तीन. तुम्ही बाजारातून आलाय, भुवयांवर अजून गोणपाटाची धूळ आहे. मी वही तुमच्या हातात देते, पहिलं प्रकरण. तुम्ही ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचता. चहा गार होतो. माझा जीव टांगणीला. मग तुम्ही कानावरची पेन्सिल काढता आणि सैन्य मोजणाऱ्या सेनापतीच्या तोंडचा 'एक' खोडता. "पयल्याला एक न्हाय म्हनायचं, बाय. लाभ म्हनायचं. एक म्हनलं की बरकत तितंच थांबती." संपलं! राक्षसाबद्दल अवाक्षर नाही, राणीच्या मरणाबद्दल नाही. "अप्पा, ते सैन्य आहे, ज्वारी नाही!" मी ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मानसं हायत? मग तर आनखी जपून मोजावीत." मी वही हिसकावली आणि पुन्हा कधी काही दाखवलं नाही. आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत. विचारायला काय सोनं मोजावं लागणार होतं हो तुम्हाला? राणी मेल्यावर पुढं काय झालं, एवढंच तर विचारायचं होतं.

पण तुमचा डबा घेऊन बाजारात आले होते तो दिवस आठवतो. व्यापारी घाईत होता, ट्रक उभा. "ए, एक म्हण नि चल पुढं," तो खेकसला. तुम्ही पहिलं पोतं काट्यावरून खाली उतरवायला लावलंत, पुन्हा चढवलंत, आणि घसा खरवडून आरोळी दिलीत, "लाभ!" हमाल हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज मीही तेच केलं. म्हटलं, पुस्तक थांबवा, 'एक' छापून येणार असेल तर मला नकोय ते. तेव्हा तो जरा नरमला. "बरं, हे कुठून आलंय? कुठल्या पोथीत, कुणाच्या रिवाजात? तसं असेल तर तळटीप टाकू, शब्द राहील. नुसती तुमची कल्पना असेल तर मात्र बदला." आणि अप्पा, मी फाडकन म्हणाले, "माझीच कल्पना आहे." कारण त्याच प्रुफांत लेखिकेचा परिचय आहे, तो मीच लिहून दिलाय, आणि त्यात 'वडील धान्यव्यापारी' असं आहे. तुम्हाला घाई करणाऱ्या त्या खेकसणाऱ्या माणसाच्या जागी मी तुम्हाला नेऊन बसवलंय. इतका वेळ मी त्या संपादकावर चिडलेय, तुमच्यावर चिडलेय, आणि खोडाखोड तर मीच आधी केली होती.

प्रुफं उद्या परत द्यायची आहेत. मी सगळे 'एक' खोडून 'लाभ' केलेत, पेन्सिलीने, तुमच्यासारखे. तळटीपही लिहिली: धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, ते मापाडी होते. परिचयातला व्यापारी खोडला. हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार, ते वहीतच राहील. पण एक सांगून टाकते. 'मापाडी' लिहिण्याआधी मी उठून खोलीचं दार लावून घेतलं होतं. घरात मी एकटीच होते, तरी.