सीदी मसूदच्या बोरीखालची माती

ट्युनिस, ४ ऑक्टोबर १९९४

चि. लाझर यास अ. आ. वि. वि.

सोबत मातीची दोन पोती पाठवते आहे. नाक मुरडू नकोस! गेल्या ईदला सीदी मसूदच्या दर्ग्यातून, आपल्या बाबांच्या कबरीशेजारच्या बोरीखालून मी ओंजळभर माती आणली होती. तिथे कधी नांगर लागलेला नाही, म्हणून मुळांना पाणी पोचवणारी बुरशी तिच्यात अजून जिवंत आहे. प्रयोगशाळेत ज्वारीच्या मुळांवर ती मी वाढवली. जव पेरताना दाण्याखाली चिमूटभर घाल आणि नांगर एकदाच फिरव. कुणी विचारलंच, तर सीदींची माती म्हणून सांग. माझ्या पदवीवर गावाचा विश्वास नाही, सीदींवर तरी आहे.

उम्मीला जप. बाबा गेल्यापासून आपल्या आईला तुझाच आधार आहे.

तुझी ताई,
नजिया

बीर लहमर, १२ ऑगस्ट १९९५

ती. ताईस सा. सलाम. वि. वि.

बुरशीवाल्या डॉक्टरीणबाई, मार्चभर एक थेंब पडला नाही, तरी आपला जव कमरेला लागला. शेजाऱ्यांचा गुडघ्याएवढाही झाला नाही. सगळे विचारत आले आणि मी तू सांगितलंस तेच सांगितलं.

आधी बायका दर्ग्यातून ओंजळी भरून नेत होत्या. मग गाढवं आली, मग ट्रॅक्टर. या मातीतली बुरशी आधी कुंड्यांत वाढवावी लागते असं मी ओरडून सांगितलं, तर सीदींची बरकत तुझ्या बापाची आहे का, असं मलाच विचारलं. माती पुरचुंड्यांत बांधून त्यांनी बांधावर टांगली आहे, आणि शेतात नांगर तीनतीनदा चालूच आहे. गुरुवारी बोर पडली. बाबांच्या कबरीची एक बाजू उघडी पडली आहे.

हे गावाच्या डोक्यात कुणी भरवलं, असं उम्मीने विचारलं. मी माझं नाव सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

तुझा,
लाझर

ट्युनिस, २० ऑगस्ट

चि. लाझर,

उम्मीला खरं सांग. तो शहाणपणा माझा होता. लोकांना समजावत बसायचा मला कंटाळा आला, म्हणून मी सीदींना पुढे केलं. लाज वाटते रे.

त्या मातीच्या सहाच कुंड्या उरल्यात, त्या बसने पाठवते आहे. त्या सगळ्या बाबांच्या कबरीवर रिकाम्या कर आणि वर बोरीच्या बिया लाव.

नजिया

बीर लहमर, ३ सप्टेंबर

ती. ताईस सलाम.

कुंड्या पोचल्या. कबर बुजवली, बिया लावल्या, उम्मीने स्वतः पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर तीही माती कुणीतरी खरवडून नेलेली, बियांसकट.

तुझं नाव उम्मीला सांगितलं. ताईला ये म्हणून लिहू का, असं विचारलं. ती म्हणाली, इथे तिचं आता कोण आहे? बाप होता, तो तिने गावभर वाटून टाकला.

माझा लोभ आहे. माझ्यापुरतं एवढंच लिहू शकतो.

लाझर